कुंपणावरची कळलावी

महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावणारी सावित्री पोलादपुरावरून महाडाकडे ज्या मुलखातून वाहते, तेथील कुंपणांवर, शेतांच्या बांधांवर आणि आंबेनळी घाटाच्या उतारांवर श्रावण-भाद्रपदात जी तांबडी-पिवळी फुले डोलू लागतात आणि कोकणात ज्यांना ‘गौरीचे हात’ म्हणून पूजेत मान मिळतो, ती कळलावीची होत. या वेलीच्या कंदात व बियांत कोल्चिसिन हे द्रव्य असते; तेच द्रव्य 1820 साली फ्रान्समध्ये युरोपीय कोल्चिकमच्या कंदातून प्रथम वेगळे करण्यात आले आणि वातरक्तावर, म्हणजे ज्याला डॉक्टर गाऊट म्हणतात त्या विकारावर, ते आजही दिले जाते.

रक्तातील युरिक आम्ल वाढून त्याचे सूक्ष्म स्फटिक पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात साचले, की पांढऱ्या पेशी त्यांवर तुटून पडतात, आणि सूज, लाली व चादरीचा स्पर्शही सोसवू न देणारा ठणका हे सारे त्या झुंजीतूनच उत्पन्न होते. पेशीला सरकण्यासाठी ट्युब्युलिन नामक प्रथिनाच्या नळ्या लागतात. कोल्चिसिन त्या प्रथिनाला चिकटून नळ्या उभ्याच राहू देत नाही, म्हणून पेशींची कूच मंदावते आणि दाह ओसरतो. युरिक आम्ल मात्र त्याने कमी होत नाही. पुढे हृदयविकारातही दाहाचा वाटा असल्याचे ध्यानी येऊन 2023 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रोज अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी त्यासाठी मंजूर केली. 2024 मधील एका मोठ्या चाचणीत तिचा लाभ दिसला नाही, तेव्हा हृदयविकारात ती कितपत उपयोगी हा वाद मिटलेला नाही.

परंतु ट्युब्युलिन शरीराच्या प्रत्येक पेशीत असते, आणि यातच या वनस्पतीचे दारुण विष आहे. मात्रा ओलांडली की आधी वांती व जुलाब सुरू होतात आणि काही दिवसांनी अस्थिमज्जा ढासळते. आयुर्वेदाने लांगलीची, म्हणजे याच कळलावीची, गणना उपविषांत करून शोधनाखेरीज, म्हणजे शुद्धीच्या संस्काराखेरीज, तिचा वापर वर्ज्य मानला, ही सावधगिरी मला त्या शास्त्राच्या कोणत्याही स्तुतीपेक्षा मोलाची वाटते. गोळीत द्रव्य मोजलेले असते. कंदात ते किती आहे, हे खणणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाही.

म्हणून महाड-पोलादपूरच्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे, की फुले खुशाल गौरीला वाहावीत, परंतु सांधेदुखीसाठी हा कंद कोणी उगाळून पिऊ नये, रताळे समजून मुलांच्या हाती पडू देऊ नये, आणि चुकून पोटात गेलाच तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.