पाठीचा तराजू

कुरखेड्याच्या बाजारपेठेत धानाचा हंगाम आला की पोत्यांची चढउतार दिवसभर चालते, आणि कुणाची ना कुणाची कंबर धरते. दोष वजनाला दिला जातो. परंतु तराजू हाताळणाऱ्याला ठाऊक असते की वजनाइतकेच महत्त्व दांडीच्या लांबीला असते.

कण्याच्या दोन्ही अंगांना कटीपासून मानेपर्यंत उभे स्नायू आहेत. तेच देहाला ताठ ठेवतात. मणक्याच्या मध्यापासून ते जेमतेम 5 सेंटिमीटर मागे असतात. 25 किलोचा कट्टा 40 सेंटिमीटर पुढे धरला, तर ती बाजू आठपट लांब होते आणि केवळ त्या कट्ट्यासाठी या स्नायूंना सुमारे 200 किलोंच्या वजनाइतका जोर लावावा लागतो. तोच कट्टा अंगाजवळ, 20 सेंटिमीटरवर घेतला, की हिशेब निम्म्यावर येतो. धडाचा स्वतःचा भार यात धरलेलाच नाही.

पाठ एकटी नसते. पोटाभोवती आडवा, तिरपा व उभा अशा स्नायूंचे थर आहेत. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. ओझे उचलताना हे सारे एकदम आवळतात व पोटातील दाब वाढून कण्याला आधार मिळतो. गच्च भरलेले पोते उभे राहते, अर्धे भरलेले मध्येच मोडते, तसेच हे. मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी दम कोंडून ओझे उचलू नये.

खरे नवल पुढे आहे. माणूस पूर्ण वाकला की कण्यालगतचे स्नायू जवळजवळ शांत होतात आणि भार अस्थिबंधांवर जातो. रोवणी करणाऱ्या स्त्रिया तासन्‌तास याच स्थितीत असतात; ताणलेले अस्थिबंध लगेच पूर्ववत होत नाहीत, म्हणून सरळ होताच ओझे उचलणे धोक्याचे. याच जिल्ह्यातील शोधग्रामात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ग्रामीण कंबरदुखीकडे गांभीर्याने लक्ष दिले, ते उगीच नव्हे.

गादीवर पोक काढून बसणाऱ्या दुकानदाराचेही थोडेफार असेच होते. सामायिकाच्या 48 मिनिटांत टेकू न घेता ताठ बसणाऱ्या आजीबाईंचे पाठीचे स्नायू मात्र हळूहळू, न थकता काम करत असतात. कंबरदुखीबरोबर पायात बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर शेक-मालिशीत दिवस न घालवता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.