पायाखालची धग : जुन्या जीपचा तळ का तापतो आणि तो निववावा कसा

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातील जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा गाडी ओढण्याच्या कामी येते. उरलेल्या ऊर्जेचा एक मोठा वाटा रेडिएटरच्या पाण्यावाटे आणि इंजिनाच्या अंगावाटे निघून जातो, तर मूळ ऊर्जेच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरणारा दुसरा वाटा जळालेल्या वायूंबरोबर सायलेन्सरच्या नळीत शिरतो. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे तासाला पाच लिटर डिझेल लागत असेल तर इंजिनाला ५० किलोवॅट या दराने ऊर्जा मिळत असते आणि त्यांपैकी साधारण १५ किलोवॅट उष्णता बसणाऱ्यांच्या पायांखालून वाहत असते. न्हाणीघरातला गीझर बहुधा दोन किलोवॅटचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे सात-आठ गीझरांइतकी ही उष्णता किती मोठी आहे हे समजते. तिचा बराचसा भाग शेपटाकडच्या नळीतून बाहेर पडतो हे खरे, परंतु वाटेत नळीच्या अंगातून जेवढी निसटते तेवढीही तळाचा पत्रा चटका बसेल इतका तापवण्यास पुरते.

ही तक्रार जुन्या जीपांत अधिक का आढळते, याचे उत्तर त्या गाड्यांच्या घडणीत आहे. मुंबईत १९४७ साली विलिस जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे महिंद्राच्या कारखान्यांतून सीजे ३बी व तिच्या पाठच्या गाड्या अनेक दशके बाहेर पडत राहिल्या. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. मूळ जीप उघडी होती. कापडी हूड, बाजूंनी वारा, पायाखाली उघडा पत्रा आणि त्यावर फार तर एखादे रबरी मॅट अशी तिची रचना असल्यामुळे तळातून येणारी धग वाऱ्याबरोबर निघून जात असे. पुढे मालकांनी तिच्यावर पक्के छप्पर चढवले, दारे बंद केली, गालिचे अंथरले आणि पुष्कळ गाड्यांत मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले. इंजिन बदलले की सायलेन्सरची नळीही नव्याने वाकवावी लागते, आणि जिथे जागा मिळेल तिथून ती नेली जात असल्यामुळे कित्येकदा तळाच्या पत्र्यापासून तिचे अंतर दोन बोटेही उरत नाही. त्यातच इंजिनाखालची रबरे आणि सायलेन्सर टांगणारी रबरे वयोमानाने बसतात, आणि मुळात मोकळी असलेली नळी खाली लोंबू लागते किंवा उलट एका बाजूने पत्र्याला टेकते.

उष्णता नळीपासून तळव्यापर्यंत तीन वाटांनी येते आणि या वाटा वेगवेगळ्या ओळखता आल्या नाहीत तर खर्च वाया जातो. पहिली वाट स्पर्शाची, म्हणजे वहनाची : जिथे नळीचा क्लॅम्प, पट्टी किंवा बोल्ट तळाला थेट जोडलेला असतो तिथून धातूतून धातूत उष्णता सरकते. दुसरी वाट हलत्या हवेची, म्हणजे अभिसरणाची : तापलेली हवा वर चढते, पत्र्याला लागते आणि भोके असतील तर थेट आत शिरते. तिसरी वाट प्रारणाची. तिला ना स्पर्श लागतो ना हवा, चुलीसमोर बसलेल्याच्या तोंडावर जशी धग येते तशी ती सरळ रेषेत येते. मंद वेगाने लो गिअरमध्ये चढ चढणाऱ्या गाडीच्या पोटाखालून वारा वाहत नसल्याने पहिल्या दोन वाटांपेक्षा ही तिसरीच बहुधा अधिक उष्णता पोहोचवते. ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ योसेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये मांडलेल्या आणि लुडविग बोल्ट्समान यांनी काही वर्षांनी सैद्धांतिक पायावर उभ्या केलेल्या नियमानुसार प्रारण हे निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या तापमानाच्या, चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ३०० अंशांवरची नळी ४०० अंशांवर गेली तर तिच्यापासून निघणारी धग एक तृतीयांशाने नव्हे, जवळजवळ दुपटीने वाढते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या, गंज चढलेल्या, एक मीटर लांबीच्या नळीतून ४०० अंशांना निघणारे प्रारण दीड किलोवॅटच्या घरात जाते. म्हणून नळीचे तापमान थोडेसेही उतरवता आले तरी तळाला मिळणारा दिलासा अपेक्षेपेक्षा मोठा असतो.

त्यामुळे सुरुवात तळापासून न करता इंजिनापासून करणे योग्य ठरते. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडण्याची वेळ, ज्याला गॅरेजमध्ये टायमिंग म्हणतात, मागे पडलेली असेल तर इंधन उशिरा जळते, त्याच्या उष्णतेचे काम पिस्टनवर पुरते होण्याआधीच झडप उघडते आणि ती उष्णता नळीत उतरते. डिझेल इंजिनात पंपाचे टायमिंग मागे असले तरी असाच परिणाम होतो. चोंदलेला सायलेन्सर वायूंना अडवून धरतो आणि सगळी नळी अधिक तापते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायू रासायनिक क्रियेने निवळणारा डबा, ज्या गाड्यांत आहे, तिथे एखादा प्लग नीट पेटत नसेल तर न जळलेले पेट्रोल त्या डब्यात जाऊन जळते आणि डबा लालबुंद होण्यापर्यंत पाळी येते. अशा गाडीत कितीही जाड आच्छादन घातले तरी मूळ दोष तसाच राहतो.

याच टप्प्यावर गळती पाहणे अत्यावश्यक आहे, आणि हा मुद्दा केवळ आरामाचा नाही. मॅनिफोल्डला, म्हणजे सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या ओतीव तोंडाला, बारीक तडा गेला असेल किंवा त्याचे पॅकिंग उडाले असेल तर त्या जागी काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसतो आणि थंड इंजिन सुरू करताच टक्-टक् असा आवाज येतो, जो इंजिन तापून धातू फुगल्यावर कधी कधी बंदही होतो. अशा फटीतून निघणाऱ्या तप्त वायूचा झोत समोरच्या पत्र्यावर आदळून एकच जागा जाळतो. तळाच्या खालच्या बाजूचा रंग कुठे फुगून सुटला आहे हे पाहिले तर तो झोत किंवा नळीचा सर्वांत जवळचा भाग नेमका सापडतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि गंजून भोके पडलेल्या तळातून तो बंद केबिनमध्ये साचला तर डोके दुखणे व गुंगी यांपासून मृत्यूपर्यंत काहीही घडू शकते. पाय भाजण्याची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत सर्वप्रथम ही गळती शोधणे हे प्रत्येक फिटरचे कर्तव्य मानले पाहिजे.

गळती बुजली आणि टायमिंग जुळले की मुख्य उपाय येतो तो आडपत्र्याचा, ज्याला हीट शील्ड म्हणतात. सर्वसाधारण समजूत अशी असते की जाड आणि जड वस्तू उष्णता अडवते. परंतु येथे काम करते ती पत्र्याची जाडी नव्हे, तर त्याच्या पृष्ठभागाची चकाकी आणि त्याच्यामागची मोकळी हवा. गंजलेले लोखंड किंवा काळा रंग आदर्श काळ्या पदार्थाच्या ८०-९० टक्के प्रारण करतो, तर स्वच्छ ॲल्युमिनियम दहा टक्क्यांहूनही कमी. या गुणाला उत्सर्जनक्षमता म्हणतात, आणि जो पृष्ठभाग कमी उत्सर्जन करतो तो आलेले प्रारणही कमी शोषतो. नळी आणि तळ यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी चकचकीत असा एकच पातळ पत्रा अधांतरी टांगला तर, समांतर पृष्ठभागांच्या हिशेबाने, प्रारणाची देवाणघेवाण सुमारे पंधराव्या हिश्श्यावर येते. आता आपल्याकडील रस्त्यांवर खालची बाजू आठवडाभरात धुळीने आणि चिखलाने माखते, मग उपयोग काय, असा रास्त प्रश्न उद्भवतो. तोच हिशेब खालची बाजू पूर्ण मळलेली धरून पुन्हा केला तरी प्रारण आठव्या हिश्श्याच्या आसपासच राहते, कारण तळाकडे तोंड असलेली वरची बाजू तुलनेने स्वच्छ राहते आणि खरा पहारा तीच देत असते. म्हणून वरच्या बाजूला काळा रंग किंवा डांबरी लेप फासणे ही मोठी चूक होय.

प्रत्यक्षात एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा पुरतो. तो नळीपासून किमान एक इंच आणि तळापासून अर्धा ते पाऊण इंच दूर राहावा, नळीच्या दोन्ही बाजूंना चांगला बाहेर यावा आणि पुढून-मागून उघडा असावा, म्हणजे गाडी चालू असताना मधल्या फटीतून वारा खेळतो. पत्रा तळाला सपाट चिकटवला तर तो तळाचाच भाग होतो आणि सगळा खटाटोप फुकट जातो. त्यासाठी बोल्टवर लोखंडी नळीचा छोटा तुकडा किंवा चार-पाच वायसर घालून अंतर राखावे; वहनाची वाट म्हणून उरते ती फक्त त्या बोल्टांपुरती, त्यामुळे बोल्ट जितके कमी तितके बरे. शक्य असेल तिथे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घ्यावेत, कारण स्टेनलेस स्टील साध्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आणि ॲल्युमिनियमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी उष्णता वाहून नेते. पत्र्याच्या कडा दुमडून घेतल्या तर तो थरथरत नाही आणि पुढे चिरतही नाही. भोक पाडण्यापूर्वी वरून-खालून ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि वायरिंग कुठून गेले आहे ते पाहणे आलेच. ब्रेकची नळी धगीच्या टप्प्यात येत असेल तर तीही आडपत्र्याच्या आडोशाला न्यावी, कारण ओल शोषलेले डॉट ३ दर्जाचे ब्रेक ऑइल १४० अंशांच्या आसपास उकळू शकते आणि उकळलेल्या ऑइलवर ब्रेकचे पेडल तळाला जाते.

नळीला काचतंतूंची पट्टी गुंडाळण्याचा उपायही लोकप्रिय आहे. तो धग कमी करतो यात शंका नाही, पण कोकणासारख्या पावसाळी मुलखात तो साध्या लोखंडी नळीवर करू नये. पट्टीत पाणी मुरते, नळी आतल्या आत गंजते आणि बाहेरून काही कळत नाही. इंजिनाचे ऑइल त्या पट्टीत झिरपले तर आगीचेही भय असते. जुन्या गाड्यांत कुठे कुठे ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा पुठ्ठा आढळतो. तो कोरडा खरवडणे धोक्याचे आहे, कारण त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात बसून पुढे अनेक वर्षांनी कर्करोग घडवू शकतात.

केबिनच्या आतले काम शेवटी करायचे असते, आणि त्यातही आधी भोके. गिअर लिव्हरचा फाटलेला रबरी बूट, पेडलांच्या दांड्यांभोवतीच्या फटी, वायरी जिथून आत येतात तिथली हरवलेली रबरी बुचे, यांतून इंजिनाची तापलेली हवा सरळ घोट्यांवर येते, आणि चाळीस-पन्नास रुपयांच्या रबराने जे साधते ते महागड्या गालिच्याने साधत नाही. त्यानंतर तळावर बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, उष्णतारोधक फोम घालावा आणि वर उचलून काढता येईल असे रबरी मॅट टाकावे. नमदा किंवा जाड गालिचा तळाला डिंकाने चिकटवला तर पावसाळ्यात तो ओला राहतो आणि खालचा पत्रा दोन-तीन वर्षांत चाळणी होतो, मग धुराचाच मार्ग मोकळा होतो.

फरक पडला की नाही हे मोजायला इन्फ्रारेड तापमापक सोयीचा असतो, मात्र तो चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखला तर खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो. म्हणून तळाच्या आतल्या बाजूस रंगवलेल्या जागी खडूने चार खुणा कराव्यात आणि तोच चढ, त्याच गिअरमध्ये, कामाच्या आधी व नंतर चढून त्याच खुणांवर आकडे घ्यावेत. साधारण ४४ अंशांच्या पुढे दीर्घकाळ टेकलेल्या त्वचेला इजा होऊ लागते, तेव्हा अनवाणी किंवा पातळ चपलेतल्या पायासाठी आकडा त्याच्या खाली राहायला हवा. दिवाळीनंतर सड्यावरचे, म्हणजे कोकणातल्या कातळमाळावरचे, गवत वाळले की आडपत्र्याची देखभाल वाढते, कारण गवतातून गेलेल्या गाडीच्या आडपत्र्यावर आणि सायलेन्सरच्या खोबणीत काड्यांचा थर साचतो. तो गाडी निवल्यावर हाताने ओढून काढावा लागतो, आणि अशा गवतावर तापलेली गाडी उभी करणे तर टाळावेच लागते.