अकरा दिवस कुठे गेले?

तुमच्या शाळेच्या एखाद्या कोपऱ्यात आवरण घालून ठेवलेला जुना संगणक आहे का? साताऱ्यात आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत असे तीन होते. यंत्रे ठणठणीत होती. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा थांबल्या आणि ‘विंडोज ११’ला लागणारी सुरक्षेची सोय या जुन्या यंत्रांत नव्हती. नवे संगणक घ्यायला पैसे नव्हते. मग हे भंगारात घालायचे काय?

आम्ही त्यांवर ‘लिनक्स’ बसवले.

लिनक्स म्हणजे काय? संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामध्ये एक कारभारी असतो. कोणाला किती स्मृती द्यायची, फाईल कुठे ठेवायची, कळफलकावर दाबलेले अक्षर कोणाकडे पोचवायचे, हे सारे तो पाहतो. या कारभाऱ्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही प्रणाली घडवायला घेतली. तिच्या धर्तीवर, पण सर्वांना खुली असलेली प्रणाली उभारण्याचा संकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केला. तिचे नाव ‘ग्नू’. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा स्वतंत्रपणे लिहिला. तो गाभा आणि ग्नूची साधने यांची सांगड घालून आजचे लिनक्स उभे आहे.

आता रोजचे काम यावर होते का, ते पाहू. प्रश्नपत्रिका आणि गुणतक्ते आम्ही ‘लिब्रेऑफिस’मध्ये करतो, इंटरनेट ‘फायरफॉक्स’ने पाहतो. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक निवडला की झाले. अडचणीही आल्या. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली माझी जुनी टिपणे उघडली, तर सगळी अक्षरे विचित्र दिसू लागली. ती पुन्हा टंकावी लागली. एक छपाईयंत्र तर दोन दिवस दाद देईना.

एके दिवशी एका विद्यार्थिनीने मला हाक मारली. “सर, हा संगणक चुकतोय!” लिनक्समध्ये सी-ए-एल ही तीन अक्षरे टंकून पुढे महिना आणि वर्ष दिले की त्या महिन्याची दिनदर्शिका दिसते. तिने सप्टेंबर १७५२ मागितला होता. पडद्यावर २ तारखेनंतर एकदम १४ तारीख! मधले अकरा दिवस गायब.

चूक नव्हती ती. जुन्या ज्युलियन पद्धतीत वर्ष ३६५.२५ दिवसांचे धरत. खरे वर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे. म्हणजे दरवर्षी सुमारे अकरा मिनिटांची चूक साचत गेली. ती दूर करण्यासाठी इंग्लंडने १७५२ मध्ये अकरा तारखा गाळल्या. त्या वेळी साताऱ्याच्या गादीवर छत्रपती रामराजे होते. आपल्या पंचांगातला मात्र एकही दिवस हरवला नाही!

पण खरी गंमत पुढेच आहे. “संगणकाला हे कोणी सांगितले?” असे तिने विचारले. आम्ही त्या प्रोग्रॅमची मूळ आज्ञावली इंटरनेटवरून उतरवून उघडली. त्यात स्पष्ट लिहिले होते: वर्ष १७५२, महिना ९, गाळलेले दिवस ११. बंद प्रणालीत हा प्रश्न तिथेच थांबला असता, कारण तिची मूळ आज्ञावली आपल्याला पाहायला मिळत नाही.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. आपल्या मराठीत मात्र दोन वेगळे शब्द आहेत: फुकट आणि मुक्त. लिनक्सला बहुधा पैसे पडत नाहीत, हा झाला लहान लाभ. ते उघडून पाहता येते, बदलता येते, मित्राला देता येते, हा मोठा लाभ. विज्ञानाची रीतही अशीच नाही का? केवळ उत्तर सांगून भागत नाही, कृतीही मांडावी लागते.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात तर विद्यार्थ्यांनीच लिनक्स वापरणाऱ्यांचा गट चालवला आहे. तुम्हीही सुरुवात करू शकता. शिक्षकांच्या मदतीने पेनड्राइव्हवर लिनक्स घ्या. तो आधी रिकामा करावा लागतो, हे विसरू नका. मग संगणक त्यावरूनच सुरू करा. ‘बसवा’ हा पर्याय निवडला नाही, तर आतली जुनी प्रणाली आणि फाईली जशाच्या तशा राहतात. आवडले तरच, सर्व फाईलींची प्रत काढून ठेवून, ते कायमचे बसवा.

आणि हो, सप्टेंबर १७५२ पाहिल्यावर फेब्रुवारी १७०० पाहा. त्या महिन्यात २९ तारीख का दिसते, याचे उत्तर स्वतः शोधा!