चांगला हात बांधून ठेवा

अर्धांगवायूचा झटका येऊन सहा महिने झाले की घरच्यांच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं: "यायचं होतं तेवढं आलं, आता फार आशा धरू नका." आशा सोडवत नाहीच. मग स्टेम सेलच्या जाहिराती गाठतात आणि आमच्याकडे पत्रं येतात, इंजेक्शन घ्यावं का म्हणून. उत्तर सोपं आहे. रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असे उपचार करू नयेत, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण त्या सहा महिन्यांच्या वाक्याचं काय? ते १०० वर्षांपूर्वीच एका माणसाने खोडून ठेवलं होतं.

शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ हा मानसशास्त्रज्ञ वॉशिंग्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात काम करायचा. जुन्या अर्धांगवायूच्या रुग्णांचे हातपायही पुन्हा हलू शकतात का, यावर त्याने १९१५ मध्ये दोन सहकाऱ्यांसह अमेरिकी डॉक्टरांच्या मुख्य नियतकालिकात लिहिलं. १९१७ मध्ये त्याने आणि ऑग्डेन या सहकाऱ्याने माकडांवर प्रयोग केले. मेंदूला इजा करून एक बाजू लुळी पाडलेली माकडं तशीच सोडली, तर हात लुळाच राहायचा. चांगला हात बांधला, लुळ्या हाताला मालीश केलं आणि त्याच हाताने हालचाल करायला भाग पाडलं, की काही आठवड्यांत तो कामाला लागायचा.

हे सगळं छापलं गेलं आणि विसरलंही गेलं. मेंदूचा एकेक कोपरा एकेका कामाला कायमचा नेमलेला असतो, ही तेव्हाची पक्की समजूत. फ्रान्झ तिची खिल्ली उडवायचा. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगण्याच्या भोंदूपणाचीच ही नवी आवृत्ती आहे, अशा अर्थाचा त्याचा १९१२ चा लेख आहे. या वादात पुढे नाव झालं ते त्याच्याबरोबर काम केलेल्या कार्ल लॅशलीचं. फ्रान्झच्या वाट्याला लॉस एंजलिसच्या विद्यापीठात एका इमारतीवरचं नाव आलं.

धागा पुन्हा हाती आला तो एडवर्ड टॉबच्या, आणि तोही मानसशास्त्रज्ञच. हाताची संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या तर माकड तो हात वापरणं सोडतं, हे शेरिंग्टन आणि मॉट यांनी १८९५ मध्येच दाखवलं होतं. संवेदना नसेल तर हालचालही नाही, असा अर्थ त्यातून निघाला आणि पुढची अनेक दशकं टिकला. टॉबने चांगला हात अडकवून ठेवला, तर 'मेलेला' हात घास उचलू लागला! गंमत म्हणजे दोन्ही हातांच्या नसा कापल्या, तरी माकड दोन्ही हात वापरायचं. म्हणजे हात गेलेला नव्हताच. इजेनंतरच्या पहिल्या दिवसांत तो खरोखरच चालत नाही. माकड प्रयत्न करतं, पडतं, घास सांडतो. तेवढ्यात ते एका हातावर भागवायला शिकतं. पुढे हातात बळ येतं, पण तोवर सवय बसलेली असते. दुरुस्तीसाठी बंद केलेला पूल खुला होऊनही गाड्या वळणाच्या रस्त्यानेच जात राहाव्यात, तसं.

१९८१ मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या टॉबच्या प्रयोगशाळेवर पोलिसांचा छापा पडला आणि १७ माकडं जप्त झाली. प्राण्यांच्या हालांबद्दल खटला चालला. दोषी ठरवणारा निकाल अपिलात रद्द झाला. तिथल्या पिंजऱ्यांची छायाचित्रं आजही बघवत नाहीत, आणि या संशोधनाचं कौतुक करताना त्यांच्याकडे डोळेझाक करू नये असं मला वाटतं. त्यांतल्याच काही माकडांच्या मेंदूत हाताचा भाग चेहऱ्याच्या स्पर्शाला उत्तर देऊ लागल्याचं १९९१ च्या एका निबंधात दिसलं. तो निबंध वाचूनच आपले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन कापलेल्या हातांच्या भासाकडे वळले.

टॉब नंतर अलाबामात माणसांकडे वळला. झटक्याला वर्ष उलटून गेलेल्या रुग्णांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे बंधन आणि लुळ्या हाताला रोज तासन्‌तास सराव, असा उपचार. २२२ रुग्णांवरची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात चांगल्या हातावर जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा होता, आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या गटाचा हात वर्षभरानंतरही जास्त चालत होता. अट एवढीच, की मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता यायला हवीत. पूर्ण निपचित हाताला हा मार्ग नाही.

पण म्हणून झटक्याच्या दुसऱ्याच दिवशी हात बांधायला घेऊ नका. झटक्यानंतर साधारण १० दिवसांतच जोरकस सराव सुरू केलेल्या ५२ रुग्णांच्या चाचणीत (२००९) सर्वांत जास्त राबवलेला गटच ९० दिवसांनंतर मागे पडलेला दिसला. पहिल्या २४ तासांत रुग्णाला वारंवार उठवण्या-चालवण्याची २,१०४ रुग्णांवरची आंतरराष्ट्रीय चाचणीही (२०१५) उलटली. 'जितकं लवकर, जितकं जास्त, तितकं चांगलं' हे आपल्याला मनापासून पटतं, पण जखमी मेंदूला पटत नाही. घरच्यांना सराव शिकवून रुग्णाला घरी सोडलं की भागेल, ही आशाही भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर तपासली गेली. २०१७ चा तो निकाल असा: घरच्यांना शिकवलेल्या आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या अशा दोन्ही गटांतले ४७ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी.

उपचारातला सहज नक्कल करता येण्याजोगा भाग म्हणजे मोजा. टॉबचा भर मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होता: रुग्णाशी लेखी करार, कोणती कामं लुळ्या हातानेच करायची याची यादी, रोजची वही, रोजची विचारपूस. अलाबामातच २००८ मध्ये दोन गटांना सारखाच सराव दिला आणि हा वही-कराराचा भाग एकाच गटाला दिला. मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागांत करडं द्रव्य ठळकपणे वाढलेलं दिसलं ते फक्त त्याच गटात. तेव्हा फिजिओथेरपिस्टला मोज्याबद्दल विचारणार असाल, तर वहीबद्दल आधी विचारा.