पूर ओसरण्यापूर्वी

आपत्ती ओसरली की तिची चौकशी समितीकडे जाते आणि व्याख्या पाठ्यपुस्तकात येते. विद्यार्थी आपत्तीचे प्रकार मुखोद्गत करतो, प्रकल्पवही कोणाची तरी पाहून उतरवितो. परंतु आपल्याच गल्लीत पाणी किती चढले होते, हे त्याला कोणी विचारीत नाही. उद्याचे संशोधक यांच्यातूनच निघावयाचे आहेत!

२६ जुलै २००५ चेच उदाहरण घ्या. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला मात्र अवघा ७३. केवळ कुलाब्याच्या आकड्यावर विसंबणाऱ्यास महापुराचा पत्ताही लागला नसता. मग वसईची खाडी आणि उत्तनचा समुद्र यांच्या कुशीत, मिठागरांच्या सखल भूमीवर वाढलेल्या मीरा-भाईंदरचा पाऊस तरी सांताक्रूझच्या आकड्यावरून कसा समजावा? भिंतीवरील पाण्याची रेघ मोजणे आणि ती भरतीच्या वेळेशी ताडून पाहणे, हे काम येथील विद्यार्थ्यास सहज जमेल. ही रेघ पुढच्या रंगसफेदीपर्यंतच टिकते.

कोयनेचा अनुभव अधिक बोलका आहे. १९६२ पासून शिवाजीसागरात पाणी साठू लागले, हादरे जाणवू लागले, आणि तेथे भूकंपमापक यंत्रे बसविण्यात आली. त्यामुळे ११ डिसेंबर १९६७ चा विनाशकारी भूकंप झाला तेव्हा आधीच्या नोंदी हाती होत्या, आणि जलाशयाची पातळी व हादरे यांचा संबंध शास्त्रज्ञांना तपासता आला. आपत्तीनंतर धावत जाऊन हे साधले नसते.

अर्थशास्त्रासही हेच लागू आहे. पंचनाम्यात पडलेले घर आणि मेलेले जनावर येते. बुडालेला रोज, व्याजाने काढलेले पैसे, मुलीची सुटलेली शाळा येत नाही. ते मोजावयाचे तर त्या कुटुंबांची पूर्वस्थिती ठाऊक हवी, आणि वर्षाने पुन्हा त्यांच्याच दारी जावयास हवे. मात्र पूरग्रस्तास वही घेऊन आलेला प्रत्येकजण मदत देणाराच वाटतो. तेव्हा ‘आम्ही काही देण्यास आलेलो नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगण्याचे शिक्षण प्रश्नावलीच्या आधी द्यावयास हवे.

खर्चाची सबब येथे चालणारी नाही. पर्जन्यमापक, मोजपट्टी आणि भरती-ओहोटीचे कोष्टक एवढे कोणत्याही महाविद्यालयास परवडते. अडचण आहे ती वेळापत्रकाची. पाऊस जुलैत कोसळतो, तेव्हा आमचे विद्यार्थी प्रवेशाच्या रांगेत असतात, आणि प्रकल्पाची आठवण परीक्षा तोंडावर आल्यावर होते. विद्यापीठाने पावसाळ्यातील प्रत्यक्ष नोंदींना गुण द्यावेत आणि त्या वह्या रद्दीत न घालता ग्रंथालयात ठेवाव्यात.