इंग्रजी अध्यापनाचे दूरशिक्षण (वाशिम जिल्हा)

इंग्रजी अध्यापनाचे दूरशिक्षण म्हणजे शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या अथवा शिकवू इच्छिणाऱ्या व्यक्तीने महाविद्यालयात रोज उपस्थित न राहता पूर्ण केलेले अध्यापनविषयक प्रशिक्षण होय. घरपोच येणारी पाठ्यपुस्तके, अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे, ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने आणि थेट ऑनलाइन तासिका ही त्याची प्रमुख रूपे आहेत. वाशिम जिल्ह्यात यांपैकी कोणते रूप निवडावे हा प्रश्न मुख्यतः दोन गटांपुढे येतो : मराठी माध्यमाच्या शाळांत सेवेत असलेले शिक्षक आणि नोकरीच्या शोधातील पदवीधर. या दोहोंच्या गरजा भिन्न असून त्यांची गल्लत झाल्यास शुल्क तर जातेच, शिवाय उमेदीचे वर्ष-दोन वर्षेही जातात.

पार्श्वभूमी

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. जिल्हा होऊन दोनच वर्षे झाली असताना, २००० सालच्या शैक्षणिक वर्षापासून, महाराष्ट्र शासनाने मराठी शाळांत इंग्रजी हा विषय पहिलीपासून सुरू केला. रामकृष्ण मोरे तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते. तोवर इंग्रजीची सुरुवात पाचवीत होत असे. त्यामुळे ज्यांनी स्वतः इंग्रजी मुळाक्षरे पाचवीत गिरवली होती, अशा शिक्षकांवर सहा वर्षांच्या मुलांना ती भाषा प्रथम कानांनी व मग तोंडाने शिकवण्याचे काम आले. वाचून व भाषांतर करून शिकलेली भाषा बोलून शिकवायची, हा या बदलाचा गाभा होता आणि जुन्या डी.एड. पदविकेत त्याची पुरेशी तयारी करून घेतलेली नव्हती.

जिल्ह्यातील भाषिक स्थितीमुळे हे काम अधिक नाजूक होते. ग्रामीण भागात वऱ्हाडी बोली आहे. मानोरा, मंगरूळपीर आदी तालुक्यांतील तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते. तांड्यावरील मुलासाठी प्रमाण मराठी हीच शाळेत भेटणारी नवी भाषा असते, इंग्रजी त्यानंतरची. शिवाय मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यामागोमाग येते. इंग्रजीतील उपपदांना मराठीत प्रतिरूप नाही. इंग्रजीत वेगवेगळे असलेले दोन ध्वनी मराठीत एकट्या ‘व’वर भागवले जातात. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही अक्षरे तर मराठीने इंग्रजी शब्दांसाठीच स्वीकारली आहेत. यांतील वाक्यरचनेचा भाग पुस्तकातून समजतो. उच्चाराचा भाग दुसऱ्याने ऐकून दुरुस्त केल्याशिवाय सुधारत नाही. अभ्यासक्रम निवडताना या फरकाकडे सहसा दुर्लक्ष होते.

पत्रद्वारा अभ्यासक्रमांचा काळ

इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी हैदराबाद येथे १९५८ मध्ये केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. पुढे तिचे नाव केंद्रीय इंग्रजी व परदेशी भाषा संस्था असे झाले, १९७३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २००७ पासून ती इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ या नावाने केंद्रीय विद्यापीठ आहे. इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर प्रमाणपत्र पत्रद्वारा देण्याची सोय या संस्थेने केली. अध्ययनसाहित्य टपालाने येई, परंतु संपर्कसत्रासाठी हैदराबादला जावे लागे. अकोला-पूर्णा लोहमार्गावरील वाशिमहून नांदेडमार्गे हा प्रवास शक्य असला, तरी शाळेतून रजा मिळवणे ही खरी अडचण असे. तरीही त्या सत्रात शिक्षकाचा उच्चार प्रत्यक्ष ऐकला जाई. आजच्या अनेक ऑनलाइन प्रमाणपत्रांत तेवढेही घडत नाही.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाल्यावर दूरशिक्षण विदर्भातील शिक्षकांच्या आवाक्यात आले. नाशिकच्या विद्यापीठाचे विभागीय केंद्र अमरावतीस आहे.

पात्रता आणि प्रमाणपत्र

शिक्षक म्हणून नियुक्ती मिळण्यासाठी लागणारी व्यावसायिक अर्हता आणि इंग्रजी शिकवण्याचे कौशल्य वाढवणारे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान अर्हता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने ठरवली. तीनुसार मान्यताप्राप्त पदविका किंवा बी.एड. आणि त्याखेरीज शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक असते. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. इंग्रजी अध्यापनाचे कोणतेही प्रमाणपत्र, मग ते कितीही नामांकित संस्थेचे असो, या अर्हतेची जागा घेत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी मिळेल या आशेने केवळ असे प्रमाणपत्र घेणाऱ्या पदवीधराचा हेतू त्यामुळे साध्य होत नाही.

बी.एड. दूरशिक्षणाने करता येते, पण ते नव्याने या व्यवसायात येणाऱ्यांसाठी नाही. परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार दूरशिक्षणातील दोन वर्षांचे बी.एड. हे प्रारंभिक शिक्षणातील सेवारत प्रशिक्षित शिक्षकांसाठी, किंवा प्रत्यक्ष उपस्थितीचा अध्यापक शिक्षणक्रम आधी पूर्ण केलेल्यांसाठी आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ त्यासाठी प्रवेश परीक्षा घेते. मराठीतून शिकू इच्छिणारे सेवारत शिक्षक सहसा नाशिकच्या विद्यापीठाकडे वळतात.

मान्य दूरशिक्षणही मर्यादित उपयोगाचे ठरू शकते, याचे उदाहरण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या १८ महिन्यांच्या पदविकेचे आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने अप्रशिक्षित सेवारत शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत अर्हता मिळवण्याची मुदत दिली आणि त्यांच्यासाठी ही पदविका ‘स्वयम्’ या शासकीय संकेतस्थळावरून चालवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी नव्या भरतीसाठी ती दोन वर्षांच्या पदविकेशी समकक्ष नसल्याचा निर्णय दिला. डिसेंबर २०२४ मध्ये १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत असलेल्या शिक्षकांना न्यायालयाने दिलासा दिला. अभ्यासक्रम एकच, परंतु त्याचे मोल तो कोणी व कोणत्या स्थितीत केला यावर ठरले.

अध्ययनाची रूपे

सेवारत शिक्षकाला अध्यापन सुधारायचे असेल, तर मुद्रित साहित्यावर आधारलेले रूप अजूनही सर्वांत स्वस्त व सोयीचे आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या इंग्रजी अध्यापन प्रमाणपत्राची मुदत किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे आहे. भाषा शिकणारा विद्यार्थी, आधुनिक इंग्रजीची रचना आणि अध्यापनाच्या युक्त्या हे त्याचे विषय. त्याशिवाय प्राथमिक किंवा माध्यमिक स्तराचा स्वतंत्र भाग असतो. या विद्यापीठात एका श्रेयांकासाठी ३० तासांचा अभ्यास गृहीत धरला जातो, म्हणजे चार श्रेयांकांच्या एकाच विषयास १२० तास. सत्रांत परीक्षा जून व डिसेंबरमध्ये होतात. विदर्भातील शाळा कडक उन्हाळ्यामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून येथील शिक्षकांना जूनची परीक्षा सुटीत देता येते. डिसेंबरची परीक्षा मात्र ऐन शाळेच्या दिवसांत येते.

ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांच्या अभ्यासक्रमांत ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रम मोडतात. अभ्यास विनाशुल्क करता येतो आणि प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. व्याख्यान सवडीने ऐकता येणे ही याची जमेची बाजू. तथापि तीच सवड अभ्यासक्रम अर्धवट सुटण्यासही कारणीभूत ठरते.

केंब्रिजची ‘टीकेटी’ ही २००५ पासूनची चाचणी निराळ्या प्रकारची आहे. तीन भागांपैकी हवा तो भाग देता येतो. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल नसून एक ते चार असे स्तर दिले जातात. ती अध्यापनाचे ज्ञान तपासते, अध्यापन नव्हे. याउलट केंब्रिजच्याच ‘सेल्टा’ या प्रमाणपत्रात किमान १२० संपर्क तासांबरोबर निरीक्षणाखाली सहा तास शिकवावे लागते. करोना साथीत, २०२० मध्ये, हे सराव पाठही ऑनलाइन घेण्यास मुभा मिळाली. त्यामुळे कारंजा किंवा रिसोड येथे राहूनही ते करणे तत्त्वतः शक्य झाले आहे. परंतु त्याचा रोख प्रौढांना इंग्रजी शिकवण्यावर आहे आणि शुल्कही भारी आहे. परदेशात किंवा खासगी भाषावर्गांत शिकवू इच्छिणाऱ्यास ते उपयोगी पडते, दुसरीच्या वर्गशिक्षकास त्या मानाने कमी.

‘१२० तासांचे प्रमाणपत्र’ म्हणून आंतरजालावर विकले जाणारे अनेक अभ्यासक्रम हाच आकडा वापरतात. त्यांचे नियमन करणारी कोणतीही एक सर्वमान्य संस्था नाही, आणि बहुसंख्य ठिकाणी हे तास कोणी मोजत नाही.

सराव पाठ

दूरशिक्षणाच्या सर्व रूपांत सराव पाठ हा दुबळा दुवा राहिला आहे. निरीक्षक वर्गात मागे बसतो तेव्हा शिक्षकाला स्वतःला न दिसणाऱ्या गोष्टी त्याला दिसतात : प्रत्येक इंग्रजी वाक्यानंतर लगेच मराठी भाषांतर येते, त्यामुळे मुले इंग्रजी ऐकेनाशी होतात, प्रश्न पुढच्या बाकांनाच विचारले जातात, उत्तरासाठी दोन क्षणही थांबले जात नाही. स्वाध्यायात हेच शिक्षक या चुकांवर उत्तम उत्तर लिहू शकतात.

थेट ऑनलाइन सराव पाठाने ही उणीव काही अंशी भरून निघते. पण पडद्यावरील सहा-आठ विद्यार्थी आणि एका खोलीत दोन इयत्ता बसवणारी द्विशिक्षकी शाळा यांत मोठे अंतर आहे. म्हणून स्वतःच्याच वर्गातील पाठाचे चित्रण पाठवण्याची सोय देणारा अभ्यासक्रम ग्रामीण शिक्षकास अधिक जवळचा असतो. चित्रणासाठी मुख्याध्यापकांची व पालकांची संमती आधी घ्यावी लागते. ज्या अभ्यासक्रमात अशी सोय नाही, तो करणाऱ्या शिक्षकांनी केंद्रप्रमुखास अथवा सहकाऱ्यास पाठ पाहण्याची विनंती करण्याचा पर्याय उरतो. राज्यातील ‘तेजस’ प्रकल्पात शिक्षकांचे गट नियमित एकत्र येऊन परस्परांच्या अध्यापनाची चर्चा करीत, ती याच दिशेची योजना होती.

प्रवेशापूर्वीची तपासणी

दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण यांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे विनियम लागू आहेत. आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती विशिष्ट अभ्यासक्रमास व ठरावीक कालावधीसाठी असते. त्यामुळे गतवर्षी सहकाऱ्याने केलेला अभ्यासक्रम यंदाही मान्य असेलच असे नाही. अध्यापक शिक्षणक्रमांना याखेरीज राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता लागते. दोन्ही संस्थांच्या याद्या त्यांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. सेवेत असलेल्या शिक्षकाने प्रवेश घेण्यापूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी परवानगी घ्यावी. नंतर अर्हतेची नोंद सेवापुस्तकात करून घेताना ती मागितली जाते.