सांडपाणी गोठतं तेव्हा

अमरावतीच्या माणसाची पाण्याबद्दल तक्रार असते ती एकच, ते फार तापतं. माझी सासुरवाडी अकोल्याची. मे महिन्यात तिथे दुपारी नळाखाली हात धरला, की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटका देतं. संडासाची टाकी थंडीने अडते आणि माणसं अडचणीत येतात, हे मला पस्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवूनही निवृत्तीनंतरच कळलं, तेही अमेरिकेत.

२०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस आम्ही दोघं मुलीकडे डेन्व्हरला होतो. जावयांनी चार दिवसांसाठी एक मोटरहोम भाड्याने घेतलं. चाकांवरचं घरच ते. ओटा, पलंग, न्हाणी, संडास, सगळं गाडीत. तिकडे त्याला आरव्ही म्हणतात. गाडीच्या पोटाखाली तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी ओटा-न्हाणीच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. शेवटच्या दोन भरल्या, की ठरलेल्या जागी जाड नळी जोडून, व्हॉल्व्हचा दांडा ओढून त्या रिकाम्या करायच्या.

रॉकी पर्वतात एस्टेस पार्क नावाचं गाव आहे, सुमारे साडेसात हजार फुटांवर. तिथे आमचा मुक्काम. तिसऱ्या पहाटे पारा उणे नऊवर उतरला. सकाळी जावई व्हॉल्व्ह ओढायला गेले, तर तो जागचा हलेना. संडासाची टाकी काठोकाठ भरलेली. गाडीत आम्ही पाच जण, त्यात तीन वर्षांची नात. "अहो, आता काय करायचं?" हिने विचारलं. जावई जोर लावणार, इतक्यात शेजारच्या गाडीतले वयस्कर गृहस्थ धावत आले. ओढलात तर दांडा हातात येईल, म्हणाले.

मला वाटलं, सगळी टाकीच गोठली. पण तसं नव्हतं. शून्य अंशाचं एक किलो पाणी गोठायचं, तर त्यातून ८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जावी लागते. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल! दीडशे लिटरची टाकी एका रात्रीत गोठणं कठीण. व्हॉल्व्ह आणि त्याच्या पुढचा पाईप मात्र उघड्यावर असतो. त्यात पाणी जेमतेम कपभर, आणि चारही बाजूंनी वारा. थंडी आधी तिथे पोचते. शिवाय गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि प्लॅस्टिकला तडा जातो.

हिने सुचवलं, मीठ टाका, आइस्क्रीमच्या पॉटात टाकतो तसं. कल्पना चुकीची नव्हती. दहा लिटर पाण्यात किलोभर मीठ घातलं, तर ते उणे सहापर्यंत गोठत नाही. पण दीडशे लिटरला पंधरा किलो मीठ लागलं असतं, आणि धातूचे भाग गंजले असते ते वेगळंच. उकळतं पाणी ओतायलाही त्या गृहस्थांनी मनाई केली. गारठलेलं प्लॅस्टिक एकदम तापलं तर तडकतं. शेवटी मुलीचा हेअर ड्रायर पाऊण तास व्हॉल्व्हवर धरला, तेव्हा दांडा सुटला.

सांडपाण्याचा पाईप मात्र फुटलेला निघाला. चूक आमचीच. त्या टाकीचा व्हॉल्व्ह आम्ही रात्री उघडाच ठेवला होता, पाणी परस्पर जाईल म्हणून. ते थेंबथेंब जात राहिलं आणि थरावर थर गोठत पाईप बुजला. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी भरत आली की एकदम सोडायची, असं ते गृहस्थ म्हणाले. रिकामी केल्याबरोबर दोनेक लिटर अँटिफ्रीझ आत ओतायचं, म्हणजे व्हॉल्व्हपाशी तेच साचतं. त्यासाठी प्रॉपिलिन ग्लायकॉलचं मिळतं, बहुधा गुलाबी रंगाचं. मोटारीच्या रेडिएटरमध्ये बहुधा एथिलिन ग्लायकॉल असतं. ते विषारी, आणि चवीला गोड. म्हणून रंगावर न जाता डब्यावरचं नाव वाचावं, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. गाडीवाल्यांनी पाईपचे पैसे अनामतीतून कापून घेतले.

परत आल्यावर हे सगळं आमच्या शेजाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, आपल्याले कायले लागते हे?" ६ जून २०२५ ला कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आणि हेच शेजारी काश्मीरला जायच्या तयारीला लागले. त्या गाडीत पाण्याच्या आणि बायो टॉयलेटच्या टाक्यांना हीटर बसवले आहेत. पाईपही विजेच्या तारेने उबदार ठेवतात, आणि गाडी उभी असली की पाईपमधलं पाणी आपोआप निघून जातं. बडनेऱ्याला किंवा अकोल्याला डब्यांखाली ज्या बायो टॉयलेटच्या टाक्या दिसतात, त्यांत मैला कुजवणारे जिवाणू असतात. संरक्षण संशोधन संस्थेने म्हणजे डीआरडीओने हे तंत्र मुळात सियाचीनसारख्या बर्फाळ जागी राहणाऱ्या जवानांसाठी विकसित केलं. पण थंडीत जिवाणूंचंही काम मंदावतं. म्हणजे काश्मीरच्या गाडीतला हीटर त्यांनाही ऊब देतो.

"मंग तिथं रात्री नळ ठिबकत ठेवाचा का नाई?" शेजाऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, स्वच्छ पाण्याचा ठेवला तर चालेल, कारण जमिनीखालचं कमी गार पाणी पाईपमध्ये येत राहतं. सांडपाण्याचा मात्र ठेवू नका.